बोट बघायला गेलेली ठेव

दर दोन महिन्यांनी एका सकाळी देशाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख टीव्हीवर येतात आणि रेपो दर वाढला, उतरला की होता तिथेच राहिला, ते सांगतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्यांचं ते एक वाक्य वसईकरांना समजावून सांगण्यात गेली. आणि हे काम मला चांगलं जमतं. उगाच विनय कशाला दाखवायचा?

बँकांना पैसे कमी पडले की त्या मध्यवर्ती बँकेकडून उसने घेतात. त्या उसन्यावरचं व्याज म्हणजे रेपो. महागाई फार झाली की ते व्याज वाढवतात, म्हणजे लोक कर्ज कमी काढतात, खर्च कमी करतात आणि भाव जरा दम खातात. एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही, पण टायवाल्या माणसाने सांगितलं की लोकांना ते मंत्रासारखं वाटतं.

आधी मी सातिवलीच्या, कारखान्यांच्या भागातल्या शाखेत होते. तिथले गाळेवाले दर वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करायचे. बाटल्यांची झाकणं बनवणारा एकजण तर आकडेमोड करूनच बसलेला असायचा. नवीन मशीन घेणार होतो, आता राहू दे, पुढल्या वर्षी बघू, म्हणायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं तसंच तिथे घडायचं, आणि मला वाटायचं की सगळीकडे असंच घडत असणार.

मग माझी बदली वसईगावातल्या शाखेत झाली. आमची बँक सहकारी, लहान, इथल्याच मातीतली. या शाखेचा एक पाय वाडीत आणि एक पाय खाडीत. पश्चिमेच्या गावांतले वाडीवाले, म्हणजे केळी, पानवेली, भाजी आणि फुलं पिकवणारे आमच्यासारखे लोक, इथे ठेवी ठेवतात. पाचूबंदरचे कोळी इथून कर्ज घेतात. दोघांचाही देव एक आणि चर्चमधली रविवारची मिसा एक, पण मासळी विकणं-घेणं सोडलं तर दोघांत व्यवहार नाही. सोयरिकीचं तर नावच काढू नका. मच्छीचा पैसा पाण्यात, असं वाडीवाले म्हणतात. कोळी वाडीवाल्यांना काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

त्या वर्षी रेपो दर एकदा वाढला, पुन्हा वाढला, आणि वाढतच राहिला. मोठ्या बँकांनी ठेवींवरचं व्याज चढवलं. त्यांची तरुण पोरं इस्त्रीचे शर्ट घालून गावागावांत घरोघर जाऊ लागली. आमच्या ठेवी एकेक करून उठायला लागल्या. मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: शाखेच्या ठेवी वाढल्याशिवाय नवं मुदत कर्ज नाही. दर वाढला की कर्ज महाग होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान बँकेत कर्ज नुसतं महाग होत नाही, ते मिळायचंच थांबतं. हे मात्र टीव्हीवर कोणी सांगत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ती आली.

ती पाचूबंदरची. माझ्याहून थोडी मोठी, अंगाने भक्कम, आवाज लिलावात कमावलेला. नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा तो. पण बोट कोणाची म्हणून विचारलंत तर तो बायकोकडे बोट दाखवील. पैशाचा सगळा व्यवहार तिच्या हातात. आमची जुनी खातेदार, हप्ता कधी चुकला नव्हता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात. यंदा तिच्या इंजिनाला मेकॅनिकनेच हात जोडले होते. नवीन इंजिन हवं होतं, आणि तेही नारळी पौर्णिमेच्या आत, कारण हंगाम सुरू झाला आणि बोट जमिनीवर दिसली की खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढतात. एकदा गेले की त्या वर्षी परत येत नाहीत.

"व्याज वाढलंय बोलतात," ती म्हणाली. "वाढू दे. मी भरीन."

"व्याजाचं नाही," मी म्हटलं. "द्यायला पैसेच नाहीत."

"मॅडम, बँकेत पैसे नाय? उद्या दर्यात पानी नाय बोलाल."

मी तिला पत्राचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शेठकडे रेपो-बिपो काय नाय. कवा पन जा, देतो."

तो शेठ म्हणजे मासळीचा एक व्यापारी. त्याच्याकडून इंजिन घ्यायचं, व्याज एक पैसा नाही; पण मग बोटीची सगळी मासळी त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने, आणि हे कधी संपणार ते तोच ठरवणार. तिच्या सासूचं अख्खं आयुष्य त्या काट्यावर गेलं. हिने लग्नानंतर हाडाची काडं करून ते फेडलं आणि त्या दिवसापासून तिची मासळी धक्क्यावर उघड्या लिलावात जात होती. गेल्या दहा वर्षांत मी पाहिलेल्या कुठल्याही कागदापेक्षा मला तिची ही गोष्ट पक्कं तारण वाटायची.

"शेठकडे जाऊ नकोस," मी म्हटलं. "मी बघते."

हे बोलायचा मला काही अधिकार नव्हता. पण बोलून गेले, आणि एकदा बोलले की मी मागे हटत नाही. माझ्या नवऱ्याला विचारा.

माझ्या डोळ्यांपुढे होती माझी आई. ती वटार गावी वाडीत एकटी राहते. वडील गेल्यावर तिने रस्त्याकडेची एक पट्टी विकली होती, त्याचे पैसे आमच्याच बँकेत ठेव म्हणून होते आणि त्यांच्या व्याजावर तिचं घर चालायचं. त्या ठेवीची मुदत नेमकी संपत होती. इस्त्रीच्या शर्टातला पोरगा तिच्याकडेही जाऊन आला होता आणि तिने त्याला शहाळंही दिलं होतं, म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलं होतं.

आई घरात आमची बोली बोलते. ती इथे लिहिली तर शेजारी दुभाषा बसवावा लागेल, म्हणून तिचं बोलणं कागदाच्या मराठीत देते. तिच्या बोलण्यातला तिखटपणा मात्र यात उतरत नाही.

मी तिला खरं तेच सांगितलं. मोठी बँक जास्त देते. आम्हीही दर वाढवलाय, पण त्यांच्याइतका नाही.

"मग पाव टक्का वाढव."

"आई, मी भाजी विकायला बसलेली नाही."

"मी बसले होते," ती म्हणाली. "म्हणून तू बँकेत बसलीस." मग तिने विचारलं, "तुझी बँक माझ्या पैशाचं करते काय?"

"कर्ज देते."

"कोणाला?"

"ते मला सांगता येत नाही. आणि तसं एकाचं एकाला जात नाही, आई. आपल्या बावखलासारखं आहे ते. पाऊस कुठला, झरा कुठला, सगळं एकाच तळ्यात. पाण्यावर नाव नसतं."

आमच्या वाडीत तळं आहे, त्याला आम्ही बावखल म्हणतो. सगळी वाडी त्याच्यावर जगते. उदाहरण चपखल दिलं म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले.

"नाव नसतं," आई म्हणाली. "पण पाट कोणाच्या वाडीत गेलाय ते मला दिसतं. माझे पैसे कुठे जातात ते मी बघून येणार. मग ठेवायचे का नाही ते ठरवीन."

आमच्याकडे मुलगी द्यायची असो की गाभण म्हैस, घर बघून देतात. आईला ठेवही तशीच वाटत होती. जगात कुठल्याही बँकेत ठेवीदार कर्जदाराचं घर बघायला जात नाही, हे मी तिला तीन प्रकारे समजावलं. तिने तिन्ही वेळा मान डोलावली आणि छत्री कुठे आहे ते विचारलं.

खातेदाराची माहिती बाहेर सांगणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी उलट बाजूने गेले. पाचूबंदरला जाऊन त्या कोळिणीलाच विचारलं की एक म्हातारी बाई ठेव ठेवण्याआधी एखादी बोट बघायची म्हणते, तुझी दाखवशील का? ती पोट धरून हसली. "बघू दे की. बोट काय पडद्यात हाय?"

भर पावसात आम्ही दोघी रिक्षाने पाचूबंदरला गेलो. बोट वाळूवर लाकडी टेकूंवर उभी होती, वर निळी ताडपत्री. आई बोटीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. छत्रीच्या दांड्याने तिने दोन-तीन ठिकाणी फळ्यांवर ठोकून पाहिलं, जसं फणसावर ठोकते. मग वर चढून इंजिनाच्या रिकाम्या जागेत वाकून बघितलं. मी जीव मुठीत धरून खाली उभी.

खाली उतरल्यावर तिने कोळिणीला पहिला प्रश्न विचारला. "नवरा पितो का?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तांडेल तिथेच जाळं शिवत बसला होता. त्याने मान आणखी खाली घातली.

"पितो," ती म्हणाली. "पन बोटीवर नाय."

"माझाही प्यायचा," आई म्हणाली. वडील प्यायचे हे मला ठाऊक होतं. आई ते चारचौघांत सांगते, हे नव्हतं.

"बोट बुडाली तर?"

"विमा हाय. आनी मावशी, तुमच्या केळी वाऱ्याने पडल्या तर?"

"तर काही नाही. पडल्या."

"मग माजी बोट बरी."

आई हसली. घरात नेऊन कोळिणीने आम्हाला चहा दिला. स्थळ पसंत नसेल तर चहाला तोंड लावायचं नाही, अशी आमच्या आईची रीत, आणि माझ्या बहिणीच्या वेळी तिने दोन घरांतले कप तसेच ठेवून दिले होते. मी तिच्या कपाकडे बघत होते. तिने चहा संपवला आणि अर्धा कप आणखी मागून घेतला. परतीच्या रिक्षात मला म्हणाली, "हिला शेठकडे जाऊ देऊ नकोस." म्हणजे मी रिक्षा बघायला बाहेर गेले, तेवढ्यात दोघींनी चुलीपाशी सगळं बोलून घेतलं होतं.

तिने ठेव पुन्हा आमच्याकडेच ठेवली, जास्तीत जास्त मुदतीची, त्या वेळी होता त्या सगळ्यात चढ्या दराने. वर पाव टक्क्यासाठी शेवटपर्यंत भांडली. मी दिला नाही, कारण तो माझ्या हातात नव्हता. पण असता तरी तिच्याशी घासाघीस करायची मजा मी सोडली नसती.

एकट्या आईच्या ठेवीने शाखेचा आकडा हलणार नव्हता. पण रविवारी मिसा सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे चर्चच्याच, अंगणात आईने आपण बोट बघून आल्याचं सांगितलं. मग काय! वटारच्या बायका टेम्पो करून पाचूबंदरला गेल्या. कुणी ठोकून पाहिलं, कुणी इंजिनाच्या जागेत वाकलं. आमच्या कोळिणीने त्यांना बोट दाखवली, चहा दिला आणि घरातले होते नव्हते तेवढे सुके बोंबील विकले. पुढच्या आठवड्यात त्या एकेक करून माझ्या केबिनमध्ये येऊ लागल्या. प्रत्येकीला मी पाण्यावर नाव नसतं म्हणून सांगत होते, आणि प्रत्येक बाई मान डोलावून विचारायची, "पण बोटीलाच देणार ना?"

तिमाही संपताना शाखेच्या ठेवी वाढलेल्या होत्या. मी मुख्य कार्यालयात स्वतः गेले आणि मंजुरी घेऊनच उठले. चढ्या व्याजाने का होईना, इंजिन आलं. खलाशी टिकले. हंगामाच्या आधी फादरनी धक्क्यावर बोटींना आशीर्वाद दिला, तेव्हा आई वाडीतल्या सोनचाफ्याचा हार घेऊन आली होती. बोट पाण्यात गेली आणि इंजिनाचा आवाज वसईच्या किल्ल्याच्या तटावर आपटून परत आला. मला इतका आनंद झाला की मी साहेबिणीचा आब सोडून शिट्टी मारली. बोट परतल्यावर कोळिणीने आईला पहिल्या खेपेतली पापलेटं पाठवली. आईने त्यांचे पैसे मोजून दिले. व्याज मला बँक देते, म्हणाली, मासळी मी विकत घेते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती एखाद्या निरोप समारंभात सांगितली असती. पण रेपो दर जसा चढतो तसा कधीतरी उतरतो.

तो उतरला. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिकडे दर्यावर दिवस बरे नव्हते. वारा पडत नव्हता, जाळ्यात मासळीपेक्षा जेलीफिश जास्त. ती कोळीण एक दिवस केबिनमध्ये आली आणि खुर्चीत टेकली.

"टीव्हीवर बोलतात व्याज उतरला. माजा कवा उतरनार?"

"उतरेल. थोडा वेळ लागेल."

"चढताना नाय लागला?"

प्रश्न रास्त होता, आणि मला त्याचं उत्तर येत होतं, म्हणून मी ते दिलं. सांगितलं, आम्ही लहान बँक, आमचा कर्जाचा दर आम्हाला ठेवी कितीला पडतात त्यावर ठरतो. दर चढले तेव्हा लोकांनी लांब मुदतीच्या ठेवी ठेवल्या. मुदत संपेपर्यंत त्यांना ते चढं व्याज द्यावंच लागतं. ते देत असताना कर्ज स्वस्त कसं करणार? जुन्या ठेवी संपतील तसा दर उतरेल.

मग तिच्या डोळ्यांत खोडकर हसू आलं. "म्हंजे तुज्या आयेमुळे माजा व्याज उतरत नाय?"

मी ते कबूल केलं. आम्ही दोघी हसलो. जाताना मात्र ती हसत नव्हती. "हप्ता भरीन मी," म्हणाली. "डिझेलचं जमत नाय. शेठ परत निरोप पाठवतो." मी म्हटलं, थोडं थांब. तिने मान हलवली, जशी माझी आई हलवते तशी.

ती शुक्रवारी मासळी घेऊन वटारला जाते, आणि आमच्या घरी टेकल्याशिवाय परतत नाही. तिने आईला ते थट्टेत सांगितलं असणार. तिला दुसऱ्या तऱ्हेने सांगताच येत नाही.

सोमवारी शाखा उघडायच्या आधी आई दारात उभी होती. ठेवणीतली साडी, छत्री, आणि हातात ठेवीची पावती. केबिनमध्ये आली, बसली, पावती माझ्यापुढे ठेवली.

"ही मोड," म्हणाली.

मला वाटलं दुखणं निघालं. "काय झालं?"

"काही नाही. मोड आणि आजच्या दराने परत ठेव. मी जास्त घेते म्हणून तिचं उतरत नाही ना? मग मी कमी घेते. तिचं उतरव."

मी वीस-बावीस वर्षं बँकेत आहे. ठेवीदार जास्त व्याज मागायला येतो, ओरडतो, रडतो, ओळखी काढतो. कमी व्याज द्या म्हणून आलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. आणि ही ती बाई, जी पाव टक्क्यासाठी माझ्याशी तासभर भांडली होती आणि जिच्या घरात चहा-साखर त्या व्याजातून येते.

मी तिला सांगितलं की असं होत नाही. दर सगळ्या बँकेचा मिळून ठरतो. हजारो ठेवींतली तुझी एक. तू ती मोडलीस तरी तिच्या हप्त्यात एक रुपयाचा फरक पडणार नाही.

"एकीने पडणार नाही," आई म्हणाली. "बाकीच्यांना मी सांगितलंय. दोघी-तिघी दहा वाजता येतायत."

मी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे वटारच्या तीन बायका रिक्षातून उतरत होत्या, प्रत्येकीच्या हातात पावती. मला रडू यायला लागलं, आणि मी ते लपवलं नाही. मला येत असलेलं सगळं अर्थशास्त्र मी त्यांना सांगून बसले होते आणि त्यांनी त्यातलं नेमकं तेवढंच उचललं होतं, ज्याने आपलं नुकसान होईल.

मी ठेव मोडली नाही. त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला कळवलं की वेळेवर हप्ते भरणाऱ्या बोटवाल्यांना व्याजात सवलत द्या, आणि देणार नसाल तर माझ्या केबिनमध्ये बसलेल्या या चौघींना इथे येऊन तुम्हीच समजवा. सवलत मिळाली. पाव टक्काच, पण डिझेलला हातभार लागला आणि शेठचे निरोप थांबले. ते नंतरचं. त्या सकाळी तसं काही घडेल हे मला ठाऊक नव्हतं, आणि आईला परत पाठवायला माझ्याकडे शेवटचं एकच कारण उरलं होतं.

"आई, मुदतीआधी ठेव मोडली तर दंड बसतो."

"किती?" आईने विचारलं, आणि पर्स उघडली.